मुशी बघायला घाट उतरून

आमच्या सीमाभागात माझ्या पिढीची शार्कशी ओळख झाली ती समुद्रावर नव्हे, काचेच्या भांड्यांतून. पहिलं भांडं शार्कोफेरॉलचं. घरात एखाद्या पोराला खाल्लेलं अंगी लागत नाही असं आजीला वाटलं, की निपाणीच्या औषधाच्या दुकानातून ही बाटली यायची. बडोद्याच्या अलेंबिक कंपनीचं ते टॉनिक. त्यात माल्ट, लोह आणि शार्कच्या यकृताचं तेल. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारं कॉड माशाचं तेल मिळेनासं झालं, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क धरून त्याच्या यकृताचं तेल काढायचा उद्योग वाढला. पुढे जीवनसत्त्वं कारखान्यात बनायला लागली आणि तो बसला. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. चमचा आला की नाक दाबायचं, एवढंच ठाऊक.

दुसरं भांडं कॉलेजातलं. निपाणीची पोरं ज्या देवचंद कॉलेजात शिकतात ते अर्जुननगरला आहे. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. म्हणजे चालत परराज्यात जाऊन मासा फाडायचा आणि जेवायला पुन्हा स्वतःच्या राज्यात यायचं. हा मासा म्हणजे स्कोलिओडॉन. प्राणिशास्त्र घेतलेल्या कुणालाही हे नाव झोपेतून उठवून विचारा. प्रयोगशाळेतले मामा बरणीतून फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला हातभर मासा काढून ट्रेमध्ये ठेवायचे, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि त्या पाण्यातून मेंदूपासून निघणाऱ्या नसा मोजायच्या असायच्या. लखनौच्या ई. एम. थिल्लैयंपलम या प्राध्यापक बाईंनी या माशावर 1928 मध्ये एक सविस्तर पुस्तिका लिहिली होती. देशभरातल्या प्रॅक्टिकलच्या वह्यांतल्या आकृत्यांचं मूळ बरंचसं तिथलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं असली विच्छेदनं बंद करायला सांगितली. चांगलंच केलं. पण समुद्रापासून घाटानं तुटलेल्या आमच्यासारख्या गावांत दरवर्षी ट्रेच्या ट्रे भरून शार्क येत होते, आणि जिवंत शार्क कसा पोहतो हे शिकवणाऱ्यानं पाहिलेलं नव्हतं, शिकणाऱ्यानंही नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते पुतणीमुळे. ती बोस्टनजवळ राहते आणि उन्हाळ्यात केप कॉडला जाते. अटलांटिकात मुडपलेल्या हातासारखी घुसलेली ही वाळूची पट्टी. तिनं तिथल्या किनाऱ्यावरच्या जांभळ्या झेंड्याचा फोटो पाठवला. झेंड्यावर पांढरा शार्क काढलेला. या पाण्यात ग्रेट व्हाइट असतात, बेतानं उतरा, असा त्याचा अर्थ. मग तिनं फोनवरचं ॲप दाखवलं. शार्क कुठे दिसला, किती वाजता दिसला, कुणी पाहिला, सगळं नकाशावर. आपल्याकडे पावसाचा अंदाज बघतात तशी तिकडची माणसं हे बघून पोहायला जातात. "काका, तुम्ही या की इकडं, दाखवते तुम्हाला," असं ती म्हणाली, आणि मी त्या रात्री मिळेल ते वाचत बसलो.

गोष्ट मजेशीर आहे. त्या किनाऱ्यावर पूर्वी सील मारून त्याचं नाक सरकारात जमा केलं की बक्षीस मिळायचं. मच्छीमारांना सील नको होते, ते मासे खातात म्हणून. मॅसॅच्युसेट्समध्ये ही बक्षिसं 1962 पर्यंत चालू होती. 1972 मध्ये अमेरिकेनं सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा केला. आपला वन्यजीव कायदाही त्याच वर्षीचा. हळूहळू करडे सील परत आले आणि केप कॉडलगतच्या मोनोमॉय बेटाच्या वाळूवर शेकड्यांनी पडून राहायला लागले. सील आले म्हणून त्यांना खाणारा आला. 1997 पासून अटलांटिकच्या त्या बाजूला ग्रेट व्हाइट धरायला बंदी झाली. 2009 पासून मॅसॅच्युसेट्सच्या मत्स्य खात्यातले ग्रेग स्कोमल आणि त्यांचे सहकारी त्या माशांना खुणेचं यंत्र टोचू लागले. विमानातून एकानं शोधायचं, बोटीच्या नाकावर उभं राहून दुसऱ्यानं काठीला लावलेला कॅमेरा पाण्यात बुडवायचा, आणि अंगावरच्या डागांवरून, पाठीच्या पंखाला पडलेल्या खाचांवरून एकेक मासा ओळखून त्याची नोंद करायची. 2015 ते 2018 या चार हंगामांत केप कॉडला सुमारे 800 वेगवेगळे ग्रेट व्हाइट येऊन गेले असा अंदाज त्यांनी पुढे मांडला.

ते खोल समुद्रात राहत असतील असं आपल्याला वाटतं. यंत्रं लावलेल्या माशांनी वेगळंच सांगितलं. केप कॉडजवळ असताना जवळपास निम्मा वेळ ते 15 फुटांपेक्षा कमी खोल पाण्यात असतात, म्हणजे पोहणाऱ्यांच्या शेजारीच. तरीही 2018 च्या सप्टेंबरात तिथे एक तरुण शार्कच्या चाव्यानं गेला तो मॅसॅच्युसेट्समधला 1936 नंतरचा पहिलाच बळी. 2020 मध्ये आणखी उत्तरेला, मेन राज्यात, एक बाई गेली. त्या राज्याच्या नोंदीतला तो पहिला. कॅनडात नोव्हा स्कॉशियापर्यंत हा मासा जातो. एवढ्या गार पाण्यात त्याला जमतं कसं? इतर बहुतेक माशांचं रक्त कल्ल्यांतून जाताना पाण्याइतकं गार होतं. या माशाच्या अंगात गरम आणि गार रक्ताच्या बारीक नळ्या एकमेकींना बिलगून उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे स्नायूंत तयार झालेली ऊब बाहेर जायच्या आत परत फिरवली जाते. पोट तर भोवतालच्या पाण्यापेक्षा 14 अंशांपर्यंत जास्त गरम राहू शकतं. मास्तर म्हणतो त्याप्रमाणे, मासा असून त्यानं चूल घरात ठेवली आहे.

मास्तर म्हणजे माझा बेळगावचा कॉलेजमित्र. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाला. सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्याला फोन करून सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "ते खरं रे. पण आपल्या समुद्रात तो येत नाही. आपलं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. त्याला बारा ते चोवीस लागतं." मग थोडं थांबून, "पण आपल्याकडं दुसरे आहेत की. जाऊया काय मालवणला?"

तर असा आमचा प्रवास ठरला. ग्रेट व्हाइट नाही तर नाही, आपल्या समुद्रातला कुठलाही शार्क डोळ्यांनी बघायचा, आणि शक्यतो जिवंत.

जानेवारी होता. पहाटे निपाणी सोडली तेव्हा तवंदी घाटात इतकं धुकं, की पुढच्या उसाच्या ट्रॉलीचा मागचा लाल कपडाच तेवढा दिसत होता. कारखान्यांचे हंगाम चालू असले की आमच्या रस्त्यावर घाई करणं हा मूर्खपणा. संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली. ही नदी निघते आंबोलीत, जिथून समुद्र हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. पण ती समुद्राकडे पाठ करते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. तिच्या उगमाच्या कुंडात 2020 मध्ये एक नवा मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटाएवढा आणि सोनेरी. एका माशासाठी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. मला हे फार आवडलं. मासा लहान आहे म्हणून कुणी त्याला हिणवलं नाही.

संकेश्वरहूनच आजऱ्यावरून आंबोली गाठता आली असती. पण मास्तरला घ्यायचं होतं, आणि बेळगावच्या कॅम्पातला मच्छी बाजार त्याला मला दाखवायचा होता. तिथे गोवा, कारवार, मालवणहून रात्री निघालेल्या बर्फाच्या पेट्या सकाळी फुटतात. आमच्याकडच्या लोकांचा समुद्र तो हाच, थर्मोकोलच्या पेटीत मावणारा. मोरी, म्हणजे मुशी, म्हणजेच शार्क, आहे का म्हणून विचारलं तर विकणारी मावशी म्हणाली, "मोरी आज न्हाई. आणि आली तरी थांबत न्हाई, गोव्याची हॉटेलं उचलतात." हे खोटं नसावं. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी देशाच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे मेन्यू तपासले, तेव्हा शार्क विकणाऱ्यांत गोवा सगळ्यांत पुढे निघाला. बारीक काटे नसलेला मासा परगावच्या पाहुण्याला सोपा जातो.

बेळगाव ते वेंगुर्ला हा रस्ता मला कायम आवडत आलाय. हिंडलगा, सुळगा, बाची आणि मग शिनोळी. शिनोळीत कर्नाटक संपतं. दुकानांच्या पाट्या कन्नडमधून मराठीत येतात, बोलणं मात्र दोन्हीकडे तेच. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यं नव्यानं आखली तेव्हा तो कोल्हापूरला गेला, आम्ही म्हैसूरला. सीमावादावरच्या 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालानं निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितली आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवायला. त्यामुळे मास्तर आणि मी गाडीत बसलो की हा जुना वाद एकदा होतोच. अहवाल मान्य झाला असता तर त्याला माझ्याकडे यायला सरहद्द ओलांडावी लागली असती. 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. पाटणे फाटा, हलकर्णी, कानूर गेलं की काजूची झाडं सुरू होतात आणि वाद मागे पडतो. आंबोलीत चहा घेतला. घाट उतरताना कानात दडे बसले आणि सावंतवाडीत स्वेटर काढले.

मालवणात पोचलो तेव्हा लिलावाची वेळ होत आली होती.

ज्यांनी हा लिलाव पाहिलेला नाही त्यांना सांगतो, तो भाजी मंडईसारखा नसतो. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात, भोवती बायकांचं कडं पडतं आणि कुणाच्या भुवईनं भाव वाढला हे बाहेरच्याला कळायच्या आत टोपली उचललीही जाते. समोर सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी पाया घातलेला हा किल्ला आता पर्यटकांच्या होड्यांनी वेढलेला असतो. त्याच्या भोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटरचं. कागदावरच्या या अभयारण्याशी इथल्या मच्छीमारांचं कधी जमलं नाही, कारण आपल्याच अंगणात जायला परवानगी मागायची कल्पना त्यांना पटलेली नाही. ते चूक आहेत असं मला म्हणवत नाही.

बांगडे, सौंदाळे, थोडी सुरमई, एका टोपलीत मोठी पाकट, शेपटीचा काटा मोडलेली. आणि एका बाजूला, कुणी फारसं लक्ष न दिलेली, मोरीची टोपली. पंधरा-वीस असतील. राखाडी पाठ, पांढरं पोट, हातभर लांबी. मास्तर टोपलीशी उकिडवा बसला आणि चाळीस वर्षं मागे गेला. "हा बघ आपला स्कोलिओडॉन. नाक बघ, फावड्यासारखं चपटं." खरोखरच तोच होता, फक्त फॉर्मॅलिनचा वास नव्हता. वास येत नव्हता म्हणूनच मला ओळखायला वेळ लागला.

मग मास्तरनं दुसरा उचलला. लांबी तेवढीच, रंग तोच, पण डोकं दोन्ही बाजूंनी हातोड्यासारखं पसरलेलं. कानमुशी. त्यानं तो उलटा केला आणि छातीच्या पंखांच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे एक बारीक, लालसर, अजून न मिटलेली चीर होती. "बेंबी," तो म्हणाला.

माशाला बेंबी! मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. शार्कच्या कित्येक जातींत पिलू आईच्या पोटात नाळेनं वाढतं आणि जिवंत जन्मतं. स्कोलिओडॉन हा तर त्यातला अव्वल. त्याचं अंडं अगदी कणाएवढं असतं, बाकी सगळं पोषण नाळेतून. जन्मल्यावर बेंबीची जागा हळूहळू मिटते. चीर उघडी असेल तर पिलू काही दिवसांचंच असतं. आता त्या टोपलीचा हिशेब ऐका. हातभर लांबीचा स्कोलिओडॉन म्हणजे पुरी वाढ झालेला मासा. एक-दोन वर्षांत वयात येतो, एका वेळी दहा-बारा पिलं देतो, त्याला धरलं म्हणून लगेच काही बिघडत नाही. हातभर लांबीची कानमुशी म्हणजे परवा जन्मलेलं बाळ. ती वाढून दहा फुटांपर्यंत जायची, वयात यायला दहाएक वर्षं घ्यायची. जगभर तिची संख्या इतकी घटली आहे, की तिच्या एकाहून अधिक जाती आज अतिधोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. दोन्ही एकाच टोपलीत, एकाच भावात, मोरी म्हणून.

तिकडे केप कॉडला एकेका माशाच्या पाठीवरची खाच टिपून ठेवतात. ग्रेट व्हाइटची मादी वयात यायला तेहतीस वर्षं घेते असं त्यांच्याच अभ्यासातून आलंय. म्हणून तिथे एक मासा मेला तरी ती बातमी होते. इथे समोर जे होतं ते मास्तरसारखा कुणी बसून उलटं करून बघत नाही तोवर कळणारही नव्हतं. मच्छीमाराला दोष द्यायचा तर कशाचा? त्यानं जाळं बांगड्यासाठी टाकलं होतं. कानमुशी त्यात आली ती सांगून नव्हे.

टोपलीच्या मालकाचे वडील बाजूला उलट्या होडीला टेकून बसले होते. पान लावत होते. आम्ही काय बघतोय हे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "मुशी बघूक इलास?"

हो म्हटलं.

"आता खयची मुशी! आमच्या बापाशीच्या टायमार गळाक लागायचे. होडीएवढे. त्येंचा त्याल काढून होडयेक लावीत. आता गावता ती ही, बारकी." मग आमच्या चेहऱ्यांकडे निरखून, "तुमी खयसून?"

मास्तरनं बेळगाव सांगितलं. मी निपाणी.

"म्हणजे कर्नाटकातले!" आजोबा पान खाली ठेवून ताठ बसले. "तुमचे मलपीवाले रात्रीचे येतत आणि आमचा सगळा धुवन नेतत. त्येंका सांगा मरे काय ता."

आयुष्यभर महाराष्ट्रात जायचं म्हणून मोर्चे बघत, काळे दिन पाळत मोठे झालेले आम्ही दोघं, आणि मालवणच्या वाळूवर मलप्याच्या ट्रॉलरांचे वकील ठरलो. मी म्हटलं, "आजोबा, आम्ही 1956 पासून इकडंच यायला बघतोय." ते म्हणाले, "मगे येवा. पण ट्रॉलर नको आणू." हा वाद थट्टेचा नाही, हे मला ठाऊक होतं. कर्नाटकातल्या मलपे बंदराचे वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या हद्दीत शिरून मासळी ओढून नेतात, ही इथली वर्षानुवर्षांची तक्रार. बोटी पकडल्या गेल्या आहेत, दंड झाले आहेत, मारामाऱ्याही झाल्या आहेत. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल राज्याचे. पण पाण्यात शिनोळीसारखा फलक नाही. शिवाय स्थानिक पर्ससीनवाले, एलईडीचे दिवे लावून रात्री मासळी गोळा करणारे, हे वेगळेच. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या वाट्याला उरतं ते या सगळ्यांनी टाकलेलं.

मी व्हेल शार्कबद्दल विचारलं. आजोबांचा आवाज बदलला. तो त्यांना माहीत होता. "तो गरीब," ते म्हणाले, "तोंड उघडून फिरता, कोणाक काय करीत नाय." जगातला सगळ्यांत मोठा मासा, आणि खातो अगदी बारीकसारीक. गुजरातच्या किनाऱ्यावर याची एके काळी शेकड्यांनी कत्तल व्हायची. माइक पांडे यांनी 2000 साली त्यावर माहितीपट काढला, 2001 च्या मे महिन्यात हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. पण कायद्यानं जे झालं नसतं ते 2004 पासून कथाकार मोरारीबापूंनी केलं. त्यांनी या माशाला ‘व्हाली’ म्हटलं, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे म्हणाले. त्यानंतर तिथल्या कोळ्यांनी हजारो रुपयांची जाळी स्वतः कापून शेकडो मासे सोडून दिले. महाराष्ट्रानं 2018 च्या डिसेंबरात जाळं कापणाऱ्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना आणली. मला वाटतं, आपल्याकडे एखादा प्राणी वाचवायचा तर आधी त्याचं नातं लावावं लागतं. मोरीला अजून कुणी लेक म्हटलेलं नाही.

आजोबांना मी शार्कच्या भीतीबद्दलही छेडलं. ते हसले. त्यांच्या आठवणीत इथे कुणाला मुशीनं खाल्लेलं नव्हतं. आपल्याकडची ताजी घटना पालघरची. 2024 च्या फेब्रुवारीत वैतरणेच्या खाडीत, मनोरजवळ, मासे धरायला उतरलेल्या एका माणसाच्या पायाचा शार्कनं लचका तोडला. तो बुल शार्क, गोड्या पाण्यातही चढून येणारा. काही वेळानं तोच शार्क मेलेला सापडला. गावात घबराट झाली, कारण नदीत शार्क असतो हेच कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मास्तरचं म्हणणं असं, की खाड्यांत ते पूर्वी सर्रास येत असणार. आता इतके थोडे उरलेत की एक आला तर आश्चर्य वाटतं.

रात्री खानावळीत मास्तरनं मोरीचं मटण मागवलं. मी सुरमई घेतली. एवढं सगळं बोलून झाल्यावर तू मोरी कशी खातोस, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "मी आधी मालकाला विचारलं. स्कोलिओडॉन आहे." स्वयंपाकघरात जाऊन डोकं बघून आला होता पठ्ठ्या! मालकीणबाईंनी आम्हाला मोरी कशी करायची ते सांगितलं. कढत पाण्यात बुडवून वरची वाळूसारखी खरखरीत कातडी खरवडून काढायची, उकळून पहिलं पाणी टाकून द्यायचं, मग भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. पाणी टाकायचं कारण मास्तरकडे तयारच होतं. शार्कच्या रक्तात युरिया साठलेला असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, म्हणून मोरी शिळी चालत नाही. बाईंना ते कारण नको होतं. "बाळंतिणीक देतत ही," त्या म्हणाल्या, "दूध येता." मी मास्तरच्या ताटातला एक तुकडा घेतला. चव चांगली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

जिवंत शार्क बघायचा राहिलाच होता. सकाळी देवबागहून होडी केली. होडीवाला तरुण होता, हंगामात पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो आणि उरलेल्या दिवसांत जाळी टाकतो. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र झाल्यापासून इथल्या बऱ्याच पोरांना पाण्याखालचं दिसायला लागलंय. त्यानंही डुबकी मारायचं शिक्षण घेतलेलं. खडकांच्या कपारीत लहान शार्क पडून असलेले त्यानं पाहिले होते. मोठे बघायचे तर आंग्रिया बँकेला जावं लागेल, म्हणाला. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राच्या तळातून वर आलेलं हे प्रवाळाचं पठार, सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे जायला मोठी बोट, परवानग्या, चांगलं हवामान आणि आमच्यापेक्षा तरुण गुडघे लागतात.

आम्हाला डॉल्फिन दिसले. तीन-चार, पाठीवर वशिंड असलेले, शांतपणे वर येऊन फुस्स करून जाणारे. होडीतल्या पुण्याच्या कुटुंबानं शिट्ट्या मारल्या. मास्तरनं त्या मुलांना सांगितलं, की 2015 मध्ये याच जिल्ह्याच्या पाण्यात संशोधकांना निळे देवमासे दिसले होते, पिलांसकट. मुलांना ते खरं वाटलं नाही. शार्क दिसला नाही. पाणी कोमट होतं, हात घालून बघितलं.

परत येताना आंबोलीत रेंज आली तेव्हा पुतणीला फोटो पाठवले. टोपलीचा, बेंबीचा, डॉल्फिनच्या जागी राहिलेल्या फेसाचा. तिकडे मध्यरात्र होती, तरी ती जागी होती. बेंबीच्या फोटोवर तिनं बरेच प्रश्न विचारले. मग मी विचारलं, तुमच्या झेंड्यांचं काय, दिसतात का अजून ग्रेट व्हाइट? तिचं उत्तर आलं, "काका, थंडीत ते इथं नसतात. पाणी फारच गार होतं. सगळे दक्षिणेला जातात, कॅरोलिना, फ्लोरिडा."

मास्तरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्यांनाही मग उबदारच लागतं की शेवटी. विचार तिला, त्या फ्लोरिडावाल्यांचं आणि मॅसॅच्युसेट्सवाल्यांचं या माशावरून काही भांडण आहे काय?"